म्हातारा लाल झाला का?

आमच्या प्रयोगशाळेत रोज सकाळी कुणी ना कुणी खोलीच्या या टोकावरून त्या टोकाला ओरडतं, "म्हातारा लाल झाला का?" नव्याने आलेल्या माणसाला वाटतं, कुणाचा तरी रक्तदाब चढलाय. म्हातारा म्हणजे सूक्ष्मदर्शकाच्या काचेच्या खालच्या टोकाला चिकटवलेला एक काप असतो, नखाच्या कोरीएवढा. त्या काचेवर वर रुग्णाच्या तिळाचा किंवा गाठीचा काप असतो आणि खाली म्हाताऱ्याचा. दोघांवर एकच रसायन, एकाच वेळी, एकाच यंत्रात पडतं. म्हातारा लाल झाला, की रसायनाने काम केलं असं समजायचं आणि मग वर बघायचं. नाही झाला, तर वर काहीही दिसो, काच फेकून द्यायची.

हा म्हातारा म्हणजे माझा आजोबा. मर्डो किनेर्ड, घरात सगळ्यांचा पॉप. ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्गच्या साखर कारखान्यात फिटर होता आणि सुट्टीच्या दिवशी बर्गाराच्या किनाऱ्यावर बुडणाऱ्यांना लाटांतून ओढून काढायचा. हे दुसरं काम फुकट होतं, आणि त्याच्या मते तेच खरं काम. केस तांबडे, कातडी दुधासारखी, आणि अंगात शर्ट घालायची लाज. उन्हापायी आमच्या शाळेत 'टोपी नाही तर खेळ नाही' असा नियम होता. पॉपच्या लहानपणी तो नव्हता. त्याची किंमत त्याच्या खांद्यावरच्या तिळाने वसूल केली. तीळ बिघडला, तिथून निघाला आणि काखेतल्या ग्रंथीत जाऊन बसला.

ती ग्रंथी कापून काढली, तेव्हा मी अजून विद्यापीठात होते. नंतर पॉपला नव्या औषधाची सलाइन लागली, बरेच महिने. औषध लागू पडलं. काढलेली ग्रंथी मात्र मेणाच्या ठोकळ्यात बसून आमच्या प्रयोगशाळेत राहिली, आणि तिच्यासारखी ग्रंथी पुन्हा कुणाची आली नाही. काठोकाठ भरलेली, आणि त्वचेच्या रंगपेशींच्या कॅन्सरची म्हणून जी जी प्रथिनं आम्ही शोधतो, ती सगळी तिच्यात ठणठणीत. आमच्या मुख्य डॉक्टरने, थियाने, तेव्हाच पॉपला विचारलं होतं, "तुझा हा तुकडा आम्हाला साक्षीदार म्हणून वापरायला देशील? नाव गुप्त राहील."

पॉप म्हणाला, "नाव गुप्त ठेवायचं तर तुम्ही ठेवा. मी ठेवणार नाही."

आणि त्याने ते ठेवलं नाही. बोल्स क्लबमध्ये, जिथे पांढरे कपडे घातलेले म्हातारे हिरवळीवर जड चेंडू घरंगळवतात, तिथे त्याने गावभर करून टाकलं.

"काल परत ड्यूटीवर होतो," तो सांगायचा.

"कसली ड्यूटी? आडवा पडून?"

"गड्या, या किनाऱ्यावर कुणाचाही तीळ तपासायचा तर आधी मी लाल व्हावं लागतं. मी लाल, तर निकाल."

"तू तर दुसऱ्या बिअरलाच लाल होतोस."

मी नोकरीला लागले, तोवर 'म्हातारा' हा शब्द तिथे रुळून गेला होता. माझ्याकडे काम आलं ते नेमकं साक्षीदारांचं. ठोकळे सांभाळायचे, काप काढायचे, रोज ते नीट रंगतात का बघायचं. केसाच्या जाडीचे पंधरा-वीस भाग करावेत इतका पातळ काप. पाण्यावर तरंगायला लागला की मी त्याला मनात म्हणायचे, सुप्रभात पॉप.

लाल रंगच का, हे मी पहिल्या दिवशी विचारलं होतं. इतर अवयवांच्या तपासण्यांत तपकिरी रंग वापरतात. पण रंगपेशी स्वतःच तपकिरी असतात, आणि त्यांचा रंग खाऊन बसलेल्या सफाई कामगार पेशीही तपकिरी. तपकिरीवर तपकिरी टाकलं, तर प्रथिन सापडलं की नुसताच मळ आहे, हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही. आमच्याकडे हे असले तीळ रोज येतात, म्हणून आमच्याकडे लाल.

या वर्षी पॉपचा ठोकळा संपत आला. ठोकळा वरून भरल्यासारखा दिसतो, पण आत किती उरलंय ते कापल्यावरच कळतं. म्हणून मी नवा साक्षीदार तयार करायला घेतला होता. एका बाईची ग्रंथी, तिच्या संमतीने आलेली. नाव मला ठाऊक नाही. नवा साक्षीदार लगेच कामाला लावता येत नाही. जुन्या, निकाल पक्का माहीत असलेल्या पंचवीस काचांवर जुन्या साक्षीदाराचे काप सुरुवातीलाच चिकटवून ठेवलेले असतात, त्यांच्याशेजारी त्याला बसवायचं आणि प्रत्येक वेळी दोघं सारखं बोलतात का ते बघायचं. माझं हे काम निम्म्याच्या पुढे गेलं होतं.

आणि तेव्हाच नॅनच्या पोटरीवरचा तीळ निघाला.

नॅन म्हणजे पॉपची बायको, नेरिडा. तीळ काळाही नव्हता, गुलाबी पुरळासारखा होता. दरवर्षीच्या त्वचातपासणीत डॉक्टरने भिंग लावलं आणि बराच वेळ काढलं नाही. तीळ कापला, तो खोल निघाला. मग जांघेतली ग्रंथी काढली. पायातला द्रव ज्या ग्रंथीत सगळ्यात आधी पोचतो, तिला डॉक्टर पहारेकरी म्हणतात. पहारेकऱ्याला गाठून कॅन्सर आत घुसला असेल, तर नॅनला वर्षभर तीच सलाइन. पॉपला ती पचली. पण नॅनला आतड्यांचा जुना आजार, आणि ते औषध आतड्यांवरच उठतं. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं: गरज असेल तर द्यावंच लागेल, आणि तुला ते जड जाईल.

रविवारी आम्ही त्यांच्या व्हरांड्यात जेवत होतो. पॉपने थंड मटणावर मोहरीची चटणी थापली आणि म्हणाला, "नेरी, घाबरू नकोस. तुझ्या काचेवर मी असेन."

नॅनने काटा खाली ठेवला. "पन्नास वर्षं प्रत्येक फोटोत मधे येऊन उभा राहिलास. लग्नाच्या फोटोत माझा अर्धा चेहरा तुझ्या कानामागे आहे. आता माझ्या काचेवरसुद्धा?"

"खालच्या टोकाला असेन. तू वर."

"हे पहिल्यांदाच." मग ती माझ्याकडे वळली. "मेरिन, तुझ्या त्या थियाला सांग, जे दिसेल ते तुला दाखवायला माझी हरकत नाही. घरात एक तरी समजणारं माणूस हवं. हा नुसता लाल होतो."

नातेवाइकांच्या कापांना हात लावायचा नाही, असा आमचा नियम आहे. म्हणून नॅनची ग्रंथी ब्रॉन्विनने घेतली. ब्रॉन्विन माझी वरिष्ठ, हात असा स्थिर की कॉफीचा कप भरलेला घेऊन जिना चढते. थियाने नॅनची परवानगी फोन करून पक्की केली आणि मला आपल्या दोन तोंडांच्या सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. "डोळे इथे, हात पाठीमागे," ती म्हणाली.

पहिली काच मेलॅन-ए या प्रथिनाची होती. खाली पॉप लाल, जरा फिकट, पण लाल. वर नॅनची ग्रंथी निळसर, शांत. आणि तिच्या कडेला, ग्रंथीच्या सालीत, लाल पेशींचा एक छोटा पट्टा.

माझ्या पाठीमागे धरलेल्या हातांची बोटं एकमेकांत रुतली.

"थांब," थिया म्हणाली. "ही लाल म्हणजे फक्त 'मी रंगपेशी आहे' एवढंच सांगतेय. चांगली की वाईट, ते नाही. बघ, कुठे बसल्यात?"

"सालीत."

"सालीत. आत नाही. कॅन्सर आला तर बहुधा सालीच्या आतल्या बाजूला उतरतो. आणि आकार बघ. लहान, एकसारख्या, भांडण न करणाऱ्या. जन्माआधी रंगपेशी त्वचेकडे निघतात ना, तेव्हा काही वाट चुकून ग्रंथीच्या सालीत मुक्काम करतात. अंगावर तीळ, तसा ग्रंथीत तीळ."

"मग हा तीळच आहे?"

"मला तसं वाटतं. पण मला काय वाटतं यावर मी नेरिडाला वर्षभराची सलाइन देत नाही, आणि नाकारतही नाही. दुसरं प्रथिन बघू."

दुसरं प्रथिन एचएमबी-४५. झोपलेल्या तिळात ते सहसा नसतं, पसरलेल्या कॅन्सरमध्ये सहसा असतं. दुसऱ्या दिवशी ती काच यंत्रातून निघाली. ब्रॉन्विनने ती उजेडात धरली, आणि खोलीच्या पलीकडून मीच सवयीने ओरडले, "म्हातारा लाल झाला का?"

ब्रॉन्विन काच घेऊन थेट थियाकडे गेली.

मी डोळे लावून बघितलं. वर नॅनचा तो पट्टा फिका. लालचा टिपूससुद्धा नाही. मग थियाने काच खालच्या टोकाकडे सरकवली. पॉपही फिका.

"नॅनचा नाही आला ना लाल," मी म्हणाले. "नाही आला!"

"कुणीच नाही आलं," थिया म्हणाली. "वर्गात मास्तरांनी प्रश्न विचारला आणि कुणीच हात वर केला नाही. मास्तर वर्गात होते का, हेच माहीत नाही."

ब्रॉन्विनने त्याच ठोकळ्याचा पुढचा काप साध्या निळ्या-गुलाबी रंगात काढून आणला. त्यात चरबी होती, साल होती. कॅन्सरची एकही पेशी नव्हती. पॉपचा ठोकळा संपला होता. बहुधा रसायनाने आपलं काम चोख केलं होतं, नॅनच्या पेशी खरंच फिक्या होत्या, सगळं छान होतं. बहुधा. पण ते सांगणारा साक्षीदारच उठून गेला होता.

"ब्रिस्बेनला पाठवता येईल," थिया म्हणाली. "आठवडा तरी जाईल. तुझी नवी बाई कधी तयार?"

सगळे माझ्याकडे बघत होते. बाईच्या काही तुलना अजून बाकी होत्या. आतापर्यंतच्या प्रत्येकीत ती पॉपशी तंतोतंत जुळली होती. 'तयार' म्हणायचा अधिकार माझा होता, आणि म्हणाले असते तर त्याच दुपारी काच लागली असती.

"पंचवीस पूर्ण झाल्यावर," मी म्हणाले. "परवा."

थिया एवढंच म्हणाली, "मी सर्जनला कळवते." पण उठताना तिने माझ्या खुर्चीच्या पाठीवर हलकीच थाप मारली.

नॅनला मी फोन केला. ती म्हणाली, "परवा तर परवा. मी लिंबाचं लोणचं घालतेय, मला मधे बोलावू नकोस." फोन तिने जरा जास्तच लवकर ठेवला.

पॉप मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच प्रयोगशाळेच्या दारात हजर झाला. हातात लॅमिंग्टनचा खोका, चॉकलेट आणि खोबऱ्यात लोळवलेल्या केकचे चौकोन. अंगात चक्क इस्त्रीचा शर्ट.

"नेरी सांगत होती, मी लाल नाही झालो."

"तुझा दोष नाही, पॉप. ठोकळा संपला."

"मग अजून काप."

"कुठून?"

"माझ्यातून! ही काख बघ, ती काख बघ. मांडीत बघ. कुठे तरी असेल की थोडंसं. एवढा भरलेला होतो, थिया स्वतः म्हणाली होती."

रिसेप्शनवरची मुलगी हसू दाबत फायली लावू लागली. मी त्याला बाहेरच्या बाकावर घेऊन गेले, बॉटलब्रशच्या झाडाखाली.

"पॉप, तुझं शेवटचं स्कॅन झालं ना? त्यात काय होतं?"

"काही नव्हतं."

"त्याच्या आधीच्यात?"

"काही नव्हतं. त्याचं काय?"

"मग मी कापू काय? तुझ्यात कापण्यासारखं काही उरलेलंच नाही. तुझा सगळा कॅन्सर त्या ठोकळ्यात होता, आणि तो आम्ही लोकांचे तीळ तपासता तपासता वापरून संपवला. जगात आता कुठेही तुझा कॅन्सर शिल्लक नाही."

इतकी वर्षं त्याने 'मी बरा झालो' असं शेकडो लोकांना सांगितलं होतं. पण ते वाक्य त्याने तोपर्यंत स्वतः ऐकलं होतं की नाही, कुणास ठाऊक. आधी मान, मग कान, मग कपाळ. गळपट्टीपासून केसांपर्यंत माझा आजोबा लाल झाला.

"ऊन आहे फार," तो म्हणाला. आम्ही दोघं सावलीत होतो.

नाक पुसून त्याने विचारलं, "माझ्या जागी कोण?"

"एक बाई."

"बरी आहे का ती?"

"माहीत नाही. कळायची सोयच नाही."

"हं. आणि तू तिला अजून घेतलं नाहीस. नेरीचं अडलंय, तरी."

"थोड्या तुलना राहिल्यात."

मला वाटलं, आता तो चिडेल. त्याने खोक्याची दोरी सोडली, एक केक मला दिला, एक स्वतः घेतला. "माझ्या पंचवीस घेतल्या होत्या?"

"पंचवीस."

"मग तिच्याही पंचवीस. किनाऱ्यावर नवा माणूस आला, की आम्ही त्याला कितीही शूर असला तरी आधी लाटेत टाकून बघायचो. दोरीचं दुसरं टोक त्याच्या हातात असतं ना. नेरीसाठी म्हणून सूट द्यायची नाही. नेरीसाठी तर मुळीच नाही." मग शर्टवरचं खोबरं झटकत म्हणाला, "माझी नात आहेस हो."

हे वाक्य त्याने मला दोनदाच म्हटलंय. पहिल्यांदा म्हटलं, तेव्हा मी समुद्रात पहिल्यांदा एकटी पोहले होते.

परवाच्या सकाळी शेवटच्या तुलनाही जुळल्या. मी बाईचा ठोकळा ब्रॉन्विनच्या हातात दिला आणि मागे सरले. काच यंत्रात गेली. मी तोवर दुसऱ्या कुणाचे काप काढत होते, कुणाचे ते विचारू नका, पण चांगले निघाले.

यंत्राचा दिवा लागला. ब्रॉन्विनने काच उजेडात धरली. या वेळी कुणी ओरडलं नाही. तीच वळून म्हणाली, "म्हातारा लाल झाला."

थियाच्या सूक्ष्मदर्शकात मी आधी खाली बघितलं. बाई बॉटलब्रशच्या फुलासारखी लाल होती, काठापासून काठापर्यंत. मग थियाने काच सावकाश वर सरकवली. नॅनची साल, सालीतला तो पट्टा, त्या लहान, एकसारख्या पेशी. फिक्या. सगळ्याच्या सगळ्या फिक्या. दोन दिवसांपूर्वीही मी हेच चित्र बघितलं होतं, रेघेला रेघ तेच. तेव्हा तो नुसता कोरा कागद होता. आता तो निकाल होता.

"तीळ," थिया म्हणाली. "पसरलेलं काही नाही. आता सही करते."

निकाल नॅनला सर्जनने सांगितला, तो त्यानेच सांगायचा असतो. संध्याकाळी तिचाच फोन आला.

"म्हणजे माझ्या जांघेच्या आत जन्मापासून तीळ होता," ती म्हणाली, "आणि मर्डोला पन्नास वर्षांत दिसला नाही?"

मागून पॉप ओरडला, "उजेड नव्हता!"

नॅन हसत सुटली, आणि हसता हसता तिचा आवाज फाटला. "सलाइन नाही," ती शेवटी म्हणाली. "लोणचं मुरलं की घेऊन जा. आणि ऐक. एक तरी चित्र माझं एकटीचं निघालं. त्याला सांगू नकोस, पण तो तिथे नसल्याची जरा चुटपुट लागली."

शुक्रवारी क्लबमध्ये मटणाच्या ताटाची सोडत होती. दर शुक्रवारी असते, आणि पॉपला ती कधीच लागत नाही. त्या दिवशीही लागली नाही. तरी तो माइकपाशी जाऊन उभा राहिला.

"मी निवृत्त झालोय," त्याने जाहीर केलं.

"कारखान्यातून? झाली की पंधरा वर्षं!"

"काचेवरून. माल संपला, गड्यांनो. गिऱ्हाईक रांगेत उभं आणि दुकानात कॅन्सरच नाही."

हशा पिकला. तो ओसरल्यावर पॉपने ग्लास उचलला. नॅन त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली, किंचित पुढे, त्याचा अर्धा चेहरा झाकेल अशी. "माझ्या जागेवर एक बाई आलीय," तो म्हणाला. "नाव माहीत नाही. परवा नेरीसाठी लाल झाली. ती जिथे असेल तिथे तिला आमचा सलाम." क्लबातले सगळे म्हातारे उठून उभे राहिले, गुडघे धरून, खुर्च्या कुरकुरवत.

आता आमच्याकडे नवा मुलगा लागलाय, विद्यापीठातून ताजा. त्याने परवा नोंदी चाळल्या आणि मला म्हणाला, "साक्षीदार तर बाई आहे. मग तिला म्हातारा का म्हणता?"

"हुद्दा आहे तो," मी म्हणाले, आणि त्याला काच उजेडात कशी धरायची ते दाखवलं.